एका नावावर दोन घरं

समीकरणाची डावी बाजू सोडवून झाली, उजवीला हात घालणार तोच नेट गेलं.

"पाहिलंत?" ती कडाडली. "नवा राऊटर लावल्यापासून रोज हेच! वर्ग सुरू झाला, मुलं जरा रमली, की मी गायब!"

नेटवाला तिच्याच टेबलाशी बसला होता. त्याला आज मुद्दाम वर्गाच्या वेळेलाच बोलावलं होतं. याआधी तो यायचा संध्याकाळी, तेव्हा नेट शहाण्या मुलासारखं चालायचं. मग तो कधी भिंतीला, कधी हवेला, कधी तिच्या लॅपटॉपला नावं ठेवून निघून जायचा. इकडे मुलांची परीक्षा तोंडावर आलेली. शाळेतली नोकरी सोडून तिने हे गणिताचे ऑनलाइन वर्ग उभे केले होते, आणि काल एका आईने फोनवर सरळ सुनावलं होतं, "शिकवायचं नसेल तर तसं सांगा. पोरांचा खेळ कशाला करता?" तो राग अजून उतरला नव्हता.

नेटवाल्याने राऊटरची सेटिंग्ज उघडली. नेटला लॉगिन करायच्या पानावर तिचं युजरनेम आणि पासवर्ड नव्याने भरला. हिरवा दिवा लागला. ती हुश्श करते न करते तोच पुन्हा लाल.

"ताई, इथे तर सगळं बरोबर आहे."

"बरोबर आहे तर चालत का नाही?"

त्याने ऑफिसला फोन लावला. पलीकडचं ऐकता ऐकता त्याच्या भुवया वर गेल्या.

"ताई, तुमच्या नावाने दुसरीकडून कोणीतरी आत शिरतंय. एका नावावर एकच जण आत राहू शकतो. तो आला की तुम्ही बाहेर, तुम्ही आलात की तो बाहेर. पासवर्ड कुणाला दिला होतात?"

"मी कशाला देऊ? तुमच्याच एखाद्या माणसाने परस्पर जोडून दिलं असेल! आणि इतके दिवस मला भिंत दाखवत होता?" ती ताडकन उठली. "कुठे आहे तो चोर?"

"मागच्या गल्लीतली शेवटची इमारत. तिथल्या गच्चीवरच्या आपल्या रिसीव्हरवरून येतोय. रोज याच वेळेला येतो, आत्ताही चालूच आहे. मी जाऊन बंद करून येतो, तुम्ही बसा."

"बसा काय? मीच येते. बघते तरी, कुणाला माझ्या पोटावर पाय द्यायचाय ते."

पदर खोचून ती निघाली. वाटेत तिने चोराला द्यायची भाषणं मनात तयार केली. एक पोलिसांचं, एक लाजेचं, एक पोरांच्या परीक्षेचं. नेटवाला बॅग सावरत मागून धावत होता. गच्चीवरून उतरणाऱ्या वायरचा त्याने डोळ्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीपर्यंत माग काढला. ती जिना चढली आणि त्या घराचं दार मुठीने धडाधडा वाजवलं.

दार उघडलं ते तिच्या वडिलांनी.

तयार केलेली सगळी भाषणं जागच्या जागी विरली. ते या गल्लीत राहायला आलेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं. जन्मभर फळ्यासमोर उभे राहिलेले ते. तिने नोकरी सोडली तेव्हा म्हणाले होते, "पडद्याशी बडबड करणाऱ्याला शिक्षक म्हणत नाहीत." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

आत खिडकीशी तिचाच जुना राऊटर मिचमिच करत होता. 'एका ओळखीच्यांना देऊन टाकला,' असं नवरा म्हणाला होता. आतलं तिचं युजरनेम आणि पासवर्ड पुसायचं त्या भल्या माणसाच्या डोक्यातही आलं नसणार. टेबलावर उभा केलेला टॅब, त्यावर तिच्याच वर्गाचं पान आणि तिने लिहिता लिहिता अर्धवट राहिलेला फळा. शेजारी वही, आणि वहीत अर्धवट उतरवलेली समीकरणाची डावी बाजू.

नेटवाला काहीतरी सांगायला पुढे झाला. वडिलांनी हातानेच त्याला गप्प केलं. चष्मा कपाळावर सरकवला, तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि इतक्या दिवसांचा संताप एका दमात बाहेर आला.

"असली कसली गं तू मास्तरीण? रोज वही-पेन घेऊन बसतो मी, आणि तुझं तोंड दिसतं न दिसतं तोच तू पळालेली!"