सुटी गोळी

एक्स-रेत चौकोनाचे तीन कोपरे स्पष्ट दिसत होते; चौथा बरगडीच्या सावलीत होता. चौकोन अंगठ्याच्या नखाएवढा. एक कोपरा जठराच्या भिंतीला टेकलेला.

डॉक्टर रेवतींनी पेनाचं टोक तिथे ठेवलं. गोळ्यांच्या पट्टीतून कात्रीने कापलेला तुकडा आहे, त्या म्हणाल्या. कुत्र्याच्या पिल्लाने गोळी वेष्टनासकट गिळली आहे. उलटी करवायची नाही, वर येताना हे कोपरे अन्ननलिका चिरतील. भूल देऊन दुर्बिणीने काढू.

सुबोधने मान हलवली. दुपारी त्यानेच या पिल्लाच्या, खारीच्या, तोंडात काहीतरी चमकताना पाहिलं होतं. तो जबडा उघडायला गेला, तेवढ्यात तिने गिळून टाकलं. त्याची आई मिठाचं पाणी घेऊन धावली होती. रुचिकाने सासूबाईंच्या हातातून पेला काढून घेतला आणि खारीला उचललं; तिघं मुलुंडच्या या दवाखान्यात आले.

"गोळी कसली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"आईची बीपीची असणार," सुबोध म्हणाला.

"माझ्या गोळ्या मी कापत नाही रे. शिवणकाम आहे का ते?" सासूबाई म्हणाल्या.

मग घरात दुसरं कोण गोळ्या घेतं, असं त्याने विचारल्यावर मात्र त्यांनी माघार घेतली. माझीच पडली असेल एखादी, म्हणाल्या.

डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन ट्रेमध्ये परत ठेवलं. बीपीची गोळी पोटात विरघळली असेल तर आत्ता भूल देणं धोक्याचं, थांबावं लागेल. तोवर कोपरा आत घुसला नाही म्हणजे झालं.

टेबलावर खारी धापा टाकत होती. रुचिकाचा तळवा तिच्या पोटावर होता.

पट्टी आणली की रुचिका ती लगेच कापायची. मग कुठल्याच तुकड्यावर औषधाचं पूर्ण नाव उरत नसे. ते तुकडे ती टिकल्यांच्या पाकिटात ठेवी. त्या पाकिटात घरातलं कुणी हात घालत नव्हतं.

"थांबू नका," ती म्हणाली. "ती बीपीची नाही, माझी आहे. दिवस राहू नयेत म्हणून घेते."

डॉक्टरांनी इंजेक्शन उचललं.

सासूबाई भिंतीजवळच्या स्टुलावर बसल्या. मूल व्हावं म्हणून गेल्याच महिन्यात त्या सुनेला घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या होत्या. रुचिका निमूट गेली होती. तिथे दिलेला काढाही तिने घेतला होता.

सुबोध एक्स-रेकडेच बघत राहिला. खारीचे पाय सैल पडत गेले.

"म्हणजे इतक्यात नको, असंच ना?" त्याने हळू विचारलं. "पुढे कधीतरी, ना रुची?"

"मला मूल नको आहे, सुबोध," ती म्हणाली. "कधीच."