घोड्याशेजारचा माणूस

मूकपटांच्या जमान्यात आर्ची टॉलिव्हर काउबॉय म्हणून गाजला, तो कॉमेट नावाच्या पांढऱ्या घोड्यावर बसून. मग बोलपट आले. आर्चीचा पिपाणीसारखा आवाज ऐकून स्टुडिओने त्याला घरी बसवलं. कॉमेटचं खिंकाळणं मात्र सगळ्यांना आवडलं, आणि त्याला पुढेही वर्षानुवर्षं कामं मिळत राहिली. तेव्हापासून कॉमेटचं नुसतं नाव निघालं तरी आर्चीच्या पोटात दुखायचं. हाडं मोडून घेतली मी आणि कौतुक त्या जनावराचं, असं तो म्हातारपणी वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये येईल त्याला ऐकवायचा.

१९८४ साली टेक्सासमध्ये जुन्या सिनेमांचं म्युझियम उघडलं. नव्वदीच्या आर्चीला त्याच्या डॉक्टर नीला कर्णिक आपल्या गाडीतून तिथे घेऊन गेल्या. नीलाची लेक दीपाही सोबत होती.

दारातच कॉमेट उभा होता. मेल्यावर पेंढा भरून ठेवलेला, पण आता उधळेल असा. भोवती ही गर्दी. "ममी, ही इज सो ब्यूटिफुल," म्हणत दीपाही तिकडेच धावली. आर्ची हॅट सावरत कॉमेटला खेटून उभा राहिला.

"सर, जरा बाजूला होता का?" कॅमेरा घेतलेला एक माणूस अदबीने म्हणाला. "घोडा झाकला जातोय."

परतीच्या वाटेवर आर्ची हॅट मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसला. प्लेनो शहर आल्यावर नीलाने काळजीने विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"



"डॉक्टर, मी गेल्यावर माझ्यात पेंढा भरता येईल का?"