कात्री सरांचे स्वच्छ हात

“शी! हे काय लागलंय मला?”

शिंपीणकाकूंनी हात दिव्याखालून झटकन मागे घेतला. जांभळ्या उजेडात त्यांच्या नखांच्या कडा हिरव्यागार चमकत होत्या. बोटांच्या पेरांत हिरवं, तळहाताच्या रेषांत हिरवं. दवाखान्याच्या बाकांवरच्या बायका माना लांब करून बघू लागल्या. लघवीचा नमुना द्यायचा म्हणून त्यांतली प्रत्येक जण आतल्या संडासात जाऊन आली होती, आणि बाहेर पडल्या पडल्या जंतूनं तिला हात दाखवायला बोलावलं होतं.

जंतू म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. नाव वर्गानं ठेवलेलं. डबा उघडायच्या आधी ती सगळ्यांची नखं तपासायची, त्याचं हे बक्षीस. आज तिचं प्रात्यक्षिक होतं. दुसऱ्यांदा. गेल्या वर्षी तिनं भर परीक्षेत परीक्षकांची चूक काढली होती आणि परीक्षकांनी तिचा निकाल लावला होता. यंदाही परीक्षक तेच. गुण कापायचा त्यांचा हात असा सफाईदार, की अख्खं कॉलेज त्यांना कात्री सर म्हणायचं. पास झाली तर याच दवाखान्यातली आरोग्यशिक्षिकेची जागा तिची होती. नापास झाली तर जागाही नाही आणि पदवीही नाही.

“आज तोंड उघडायचं ते फक्त ‘हो सर’ म्हणायला,” तिला शिकवणाऱ्या बाईंनी सकाळीच बजावलं होतं.

कात्री सर उशिरा आले होते. जंतू प्रयोगाची माहिती सांगायला लागली, तर “आलोच” म्हणत ते घाईघाईनं आतल्या संडासात गेले. आता ते बाहेर आले, त्यांची नजर काकूंच्या हातांवर पडली आणि चेहरा खुलला. हा खेळ त्यांना तोंडपाठ होता. चमकणारी पूड, जांभळा दिवा. चमकतं तिथे मळ. वर्षानुवर्षं ते हेच शिकवत आले होते.

“सरक बाजूला, मी सांगतो,” ते म्हणाले. “हे हिरवं दिसतंय ना बायांनो, ती घाण. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दिव्याखाली लपत नाही.”

“सर, यातली पूड मी—”

“मध्ये बोलायची खोड गेली नाही वाटतं अजून?”

कोपऱ्यातून बाईंनी डोळे वटारले. जंतूनं दिवा पुढच्या बाईकडे वळवला.

पुढे आली ती सातवा महिना लागलेली एक सून. तिचे हात सगळ्यांत जास्त चमकले, अगदी मनगटापर्यंत.

“अगं बाई बाई!” शेजारून तिची सासू ओरडली. “याच हातांनी आम्हाला खायला घालतेस होय?”

“पण आई, मी चांगले चोळून धुतले होते!”

“दिसतंय ना, काय चोळलेस ते.” सासूनं सुनेला कोपरानं बाजूला केलं आणि आपले हात दिव्याखाली धरले. हिरवा ठिपकासुद्धा नाही. निवडणूक जिंकल्यासारखं तिनं चहूकडे पाहिलं. “काढा, एक डाग काढून दाखवा!”

“आजींकडून शिका जरा,” सर म्हणाले. त्यांनाही आता राहवेना. बाह्या सरसावून त्यांनी स्वतःचे हात पुढे केले. “मी पण आत्ताच आतून आलोय. बघा.”

काही नाही. पालथे करून दाखवले, उताणे करून दाखवले, बोटं फाकवून दाखवली. कुठे कणभर चमक नाही. दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या.

“याला म्हणतात हात धुणं!” सरांनी खिशातून पेन काढलं. “प्रयोग जुनाच आहे, पण ठीक आहे. पास करायला हरकत नाही.”

बाईंच्या जिवात जीव आला. जंतू मात्र बाकांकडे बघत होती. सुनेनं दोन्ही हात पोटाखाली लपवले होते.

“इतकं धुऊनही असंच असेल तर कशाला धुवायचे?” ती काकूंना हळूच म्हणत होती. “उद्यापासून नुसते झटकून बाहेर येते.”

“नाहीतर काय. माझंही तेच.”

शेजारच्या दोघींनी माना डोलावल्या. एका सकाळीत जंतूनं अख्ख्या बाकाला हात न धुण्याचं शिक्षण दिलं होतं, आणि तेही पास होण्याइतकं चांगलं. तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली : नको. गप्प राहा.

जंतू सुनेसमोर जाऊन उकिडवी बसली.

“ताई, हात लपवू नका. इथल्या सगळ्यांत स्वच्छ हात तुमचे आहेत. त्यांच्या खालोखाल काकूंचे.”

सासूचं तोंड उघडंच राहिलं.

“असं?” कात्री सर हसले. पेनाचं टोक गुणांच्या कागदावर टेकलेलं होतं. “आणि आमचे?”

“सर, ती पूड मी फक्त आतल्या साबणात मिसळली होती.”