पोर्सेनाचा कारकून

"कारकून कोण होणार?" नीनाने विचारलं आणि बाबांनी लगेच हात वर केला.

इंग्लंडात ब्रॅकनेलबाहेरच्या मैदानावर नीनाचा हौशी क्लब दर ऑक्टोबरात रोमला पडलेल्या जुन्या वेढ्याचं नाटक उभं करतो. यंदा वेढा घालणारे एट्रुस्कन कमी पडले, म्हणून शेजारच्या रीडिंग गावातली मराठी मंडळी सैन्यात भरती झाली. शार्दूलला त्यांच्या राजाचं, पोर्सेनाचं, काम मिळालं. बाबा म्हणजे त्याचे सासरे. पुण्याहून आलेले, घरात बसून कंटाळलेले. त्यांच्या मुलीने, मंजिरीने, नवऱ्याला बजावलं होतं, दसऱ्याचं जेवण आहे, बाबांना धड परत आण.

चहा ओतता ओतता नीनाने गोष्ट सांगितली. पोर्सेनाला मारायला म्युशियस नावाचा रोमन त्याच्या छावणीत शिरला. राजा आणि कारकून शेजारी बसलेले, कपडे सारखेच. पगार कारकून वाटत होता, म्हणून सगळं सैन्य त्याच्यापुढे. म्युशियसला तोच राजा वाटला. कारकून हकनाक गेला. पकडला गेल्यावर म्युशियसने चुकलेला उजवा हात स्वतःच निखाऱ्यांत धरला, हूं की चूं केलं नाही. राजा टरकला आणि तह करून घरी गेला.

"म्हणजे राजाला काही होत नाही," शार्दूल म्हणाला.

"राजाला कधीच नाही." नीनाने बिस्किट बुडवलं. मागच्या वर्षीचा कारकून प्रयोगातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याच्या आधीचाही. सुरा लाकडी, त्यामुळे डॉक्टर म्हणाले, हार्ट. क्लबने दोघांच्या नावाने बाक बसवले होते. बसायला छान होते.

यंदाचाही म्युशियस मागच्या दोन वर्षांचाच. कुंपणापाशी एकटा उभा होता, उजव्या हातात कातडी हातमोजा. तो कुणाच्या ओळखीने येतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जो तो त्याला दुसऱ्याचा पाहुणा समजे. हातमोजा सारखा करताना त्याचं मनगट उघडं पडलं. आत जळक्या लाकडासारखं काळं होतं. मेकअप झकास आहे, असं शार्दूलने स्वतःला सांगून पाहिलं. पण वासही येत होता.

"बाबा, राजा तुम्ही व्हा. कारकून मी होतो."

"जावयाला स्टुलावर बसवून मी सिंहासनावर? लोक काय म्हणतील?"

"तुम्ही मोठे आहात, बाबा."

हा मान बाबांना मोडवेना. बाबा सिंहासनावर बसले.

शिंग वाजलं. पुठ्ठ्याची नाणी मांडीवर घेऊन शार्दूल तयार झाला. निदान बाबा सुखरूप होते.

पहिला सैनिक रीडिंगचा समर. तो शार्दूलला ओलांडून थेट बाबांपुढे वाकला आणि ढालीमागून कुंपणावरच्या झुडपाचं पान काढून त्यांच्या हातात दिलं. आपट्याचं नव्हतं, पण दसरा होता. वडीलधारं माणूस तिथे ते एकच. समरमागे उल्का, उल्कामागे अख्खं सैन्य.

"समर, आधी इकडे. पगार घे," शार्दूल दबक्या आवाजात म्हणाला.

"थांब रे. आधी मोठ्यांना."

रांगेत सगळ्यात शेवटी म्युशियस उभा होता. शार्दूलकडे त्याने पाहिलंही नाही.

"घ्या, सोनं घ्या," म्हणत बाबांनी त्याच्यापुढे पान धरलं. त्याने ते डाव्या हाताने घेतलं.

उजव्या हातातला सुरा बाबांना टेकला. बाबांची मान छातीवर झुकली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

म्युशियस निखाऱ्यांपाशी गेला, क्षणभर घुटमळला. मग त्याने हातमोजा काढला. आतला हात धडधाकट होता, जळल्याची खूणही उरली नव्हती.