मळ्यापर्यंत फायबर

"तार माझ्या उसावरनं नेतो म्हणतासा, आणि भरलेल्या ट्रॉलीत अडकली म्हंजे?" पिराजीनं बांधावरच सुनावलं.

श्रेणिकअण्णा चक्क हात जोडून उभे. जयसिंगपूरच्या पंचक्रोशीत या माणसानं कधी कुणापुढं मान वाकवली नव्हती. साधा मोबाइल बदला म्हटलं तरी अंगावर यायचा. आणि आता मळ्यातल्या घरात फायबर पाहिजे म्हणून हट्टाला पेटलेला!

"सम्मेद घरला येतोय रं," अण्णा म्हणाले. "पुण्याची नोकरी हितं बसून करणार हाय. नेट तेवढं पाहिजे."

पिराजी विरघळला. "मग आधी सांगायचं न्हाय व्हय? रोवा खांब."

खरं तर सम्मेद येतो म्हणालाच नव्हता. घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून अण्णांनी गच्चीवर चढून त्याला फोन लावला होता. "घरातनंच काम कर की, लेका." पोरगं म्हणालं, "मळ्यात नेट कुठंय, अण्णा?"

झालं! दुसऱ्या दिवसापासनं अण्णांचे कोल्हापूरच्या ऑफिसात खेटे सुरू. एका घरासाठी एवढी लांब लाइन परवडत नाही, असं कंपनीवाले म्हणाले, तर अण्णांनी आजूबाजूच्या मळ्यांतली घरं गोळा केली. चंदनाकाकू हसायच्या, "लग्न ठरवताना माझ्या बापाच्या दारात एवढ्या चकरा मारल्या न्हाईत!" पण लेक येणार म्हणून त्यांचंही काळीज सुपाएवढं झालं होतं.

शेवटी लाइन आली. भिंतीवरच्या डब्यावर हिरवा दिवा लागला, आणि आठवड्याच्या आत सम्मेदही आला. वाळलेला, डोळे खोल गेलेला. काकूंना भडभडून आलं. "मेसचं खाऊन काय दशा झालीया बघा पोराची!"

रोज सकाळी तो लॅपटॉप घेऊन खोलीत बसायचा, दार लावून. आतनं इंग्रजी बोलणं ऐकू यायचं. कुणी आवाज चढवला की अण्णा डोळे वटारायचे. दिवस मावळायच्या आत तिघं जेवायला बसायची. हळूहळू सम्मेद हसायला लागला, दुसरी भाकरी मागायला लागला. काकूंना आणखी काय पाहिजे होतं?

मग पिराजीच्या उसाला तोड आली. सकाळीच भरलेली ट्रॉली निघाली आणि तार ओढून घेऊन गेली. काकूंनी दारातनं बघितलं. पळत आत आल्या, तर डब्यावर लाल दिवा. आणि बंद दाराआड सम्मेदची मीटिंग रंगात आलेली.

काकू तिथंच खाली बसल्या.

दुपारी तो बाहेर आला. "आज लई मोठी मीटिंग होती, आई."

"व्हय बाळा. बस, वाढते."

त्याचं जेवण होईतो त्यांनी रडू कसंबसं आवरून धरलं. मग गोठ्यात गेल्या आणि तोंडाला पदर लावून रडायलाच लागल्या. अण्णा म्हशीला वैरण टाकत होते.

"अवो, सकाळपासनं तार तुटलीया! पोरगं आत एकटंच बोलतंय. ह्याला नोकरीच न्हाय वो! नेटसाठी एवढी वणवण केलासा, सगळी वाया गेली."

"हळू बोल, ऐकंल त्यो," अण्णा म्हणाले. "नोकरी गेल्याचं त्याच्या दोस्तानं मला कवाच सांगितलंतं. नुसतं ये म्हटलं असतं, तर आलं असतं का पोरगं?"