थोरली

वर्षभर आई मला ओळखत नव्हती. दिवसभर घरात नुसत्या येरझाऱ्या घालायची. अ‍ॅक्युपंक्चरच्या बाईंनी आधीच बजावलं होतं, "याने स्मृतिभ्रंश जात नाही. जिवाची तगमग तेवढी कमी होईल."

त्या दिवशी त्यांनी कपाळावर आणि हातांवर सुया टोचल्या आणि खुर्चीतली आई एकदम शांत झाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाळा, किती वाळलीस गं!"

मला रडू आवरेना. तिच्या मोकळ्या केसांवरून हात फिरवणार, तोच ती म्हणाली, "राहू दे. थोरली वेणी घालतेय."

मी एकुलती एक.

"होतं असं, मनावर घेऊ नका," बाई म्हणाल्या. पण त्यांची नजर आईच्या खांद्यामागे खिळली होती. मीही वाकून पाहिलं. आईचे हात मांडीवर निपचित पडले होते आणि पाठीवर तिच्या केसांचे पेड एकात एक गुंतत खाली उतरत होते.

बाई घाईघाईने सुया काढू लागल्या.

आईने माझ्या मागे पाहिलं. "झाली ना माझी?" ती कौतुकाने म्हणाली. "आता धाकटीची घाल."

माझ्या केसांतली क्लिप उघडली.