तारीख कोरी ठेवा

हेडक्लार्क त्रिविक्रमरावांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि पेनचं टोपणही स्वतःच काढून दिलं.

“इथं सही करा, वहिनी. तारीख कोरी ठेवा.”

अहल्येनं कागद वाचला. अडखळत का होईना, इंग्रजी तिला येत होतं. माझे पती बिंदुमाधव, या कारखान्याचे ड्राफ्ट्समन, दिनांक अमुक रोजी (तिथं टिंबं होती) वारल्यामुळे मी कारखान्याचं क्वार्टर एका महिन्यात रिकामं करीन. खाली तिचं नाव टाइप केलेलं. नावापुढे ‘विडो’.

बिंदुमाधव त्या वेळी इस्पितळात होता. सकाळीच त्यानं दोन घास मऊ भात खाल्ला होता. ती आली होती त्याची रजा दोन महिने वाढवून घ्यायला. रजा शनिवारी संपत होती, साहेब आज एकच्या गाडीनं मद्रासला जाणार होते. त्याआधी त्यांची सही झाली नाही, तर कामावरून नाव कमी होणार, पगार जाणार, घरही जाणार.

“अहो, पण ते आहेत अजून!”

“म्हणजे काय! शंभर वर्षं जगोत.” त्रिविक्रमराव अगदी मनापासून बोलले. असली माणसं मनापासूनच बोलतात, तीच तर पंचाईत. “हे नुसतं इन अँटिसिपेशन. साहेबांची पद्धतच आहे, सगळं बिफोरहँड. मागे एका बाईंनी सही करायला सहा महिने लावले. रडारड, माहेरी जाणं, काय नि काय. उद्या तुम्हाला त्या दुःखात धावपळ नको, म्हणून अ‍ॅडव्हान्समध्ये.”

कामाचा एक शब्द मराठी नाही. कसा असेल? नवरा जिवंत असताना मेल्याची सही करा, हे मराठीत म्हणताना जीभ झडली असती. इंग्रजीत कसं, धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. शी!

“आणि रजेचा अर्ज?”

“हा काय, याच फायलीत. दोन्ही कागद बरोबरच आत जातात.”

देवाप्पा शिपायानं तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. “अक्का, स्वल्प पाणी घ्या,” म्हणाला आणि कागदाकडे न बघता बाजूला झाला. तेवढी लाज त्या खोलीत त्या एकट्याला होती.

भिंतीवर १९६१ चं कॅलेंडर आणि घड्याळ. सव्वाबारा झाले होते. बाहेर साहेबांना स्टेशनवर न्यायला मोटार येऊन उभी राहिली. अहल्येनं पेन घेतलं. इंग्रजीत सही करायला तिला बिंदुमाधवनंच शिकवलं होतं. तिनं ती केली. त्रिविक्रमरावांनी वर टिपकागद हलकेच दाबला, जसं काही लग्नाच्या याद्यांवर सह्या झाल्या, आणि फाईल घेऊन आत गेले.

पाच मिनिटांत रजा मंजूर होऊन आली. दोन महिने, पूर्ण पगारी. अहल्येला क्षणभर चक्क आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच तिला शिसारी आली.

व्हरांड्यात उमाकांत उभा होता. बिंदुमाधवच्या शेजारच्या बोर्डावर काम करणारा. वर्षभर बायकोला घेऊन मल्लेश्वरमला एका खोलीत राहत होता, आणि क्वार्टरच्या यादीत आता पहिलं नाव त्याचं होतं. तिला बघून तो लगबगीनं पुढे आला.

“कसे आहेत बिंदुमाधव?”

“आज जरा भात खाल्ला.”

“वा, वा. भात म्हणजे फारच छान.” तो तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आला. तिथं थांबून त्यानं मान खाजवली. “वहिनी, रागावू नका हं. आमच्या हिचं म्हणणं, नव्या घरात शिरायचं तर पाडव्याच्या मुहूर्तावर. तोवर होईल ना हो?”

अहल्या जन्मात कधी रस्त्यावर थुंकली नव्हती. ती त्याच्या बुटांवर थुंकली.